दोन पिशव्या

अरे,

तुझा रात्री पावणेदोनचा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. फोटोही बघितला. पलंगावर पसरलेली ती क्रोशाची गुलाबी कमळं, दिव्याखाली ठेवायची, बावीस झालेली आणि सव्वीस व्हायची, आणि खाली तू लिहिलंयस, "काकू, आता सुई हातात घेतली की मळमळतं." मग त्याच्यापुढे लांबलचक, नोकरी सोडून हेच करू का कमळं विकायचं पेजच बंद करून टाकू, आई असं म्हणते, रूममेट तसं म्हणतो.

नोकरीचं मला विचारू नकोस. मला त्यातलं कळत नाही आणि तुलाही खरं ते विचारायचं नाहीये. माझ्या गॅलरीत बसून पहिल्यांदा क्रोशाचा मुका खांब हा टाका जमला तेव्हा तू जो ओरडला होतास, शेजारच्या आजी बघायला आल्या काय झालं म्हणून, तो मुलगा कुठे गेला हे तुला विचारायचंय. हॉस्टेलवर पोरं हसतात वगैरे मागे लिहिलं होतंस त्यावर मी काही बोलणार नाही, विनोबा तासन्‌तास सूत कातायचे आणि घोंगडी विणणारे सनगर बहुतेक पुरुषच असतात, विषय संपला.

मला एकच सांगायचंय आणि ते मी या पत्रात चार वेळा सांगणार आहे, कंटाळलास तरी. दोन पिशव्या कर. एक ऑर्डरची, एक तुझी. ऑर्डरचा दोरा आणि तुझा दोरा एका पिशवीत जाता कामा नये, सुईसुद्धा वेगळी. आणि तुझ्या पिशवीतलं काहीही, कधीही, कितीही पैसे दिले तरी विकायचं नाही.

तू म्हणशील काकू हे काय नवीन सोवळं. आहे सोवळंच. ऐक.

१९९४ साली मी एका दुकानासाठी फ्रॉकच्या कॉलरी विणायला घेतल्या. पांढरा दोरा, बारीक सुई, पाकळ्यांची किनार. पहिल्या सहा कॉलरी मी नाचत विणल्या. मग साठची ऑर्डर आली, एका कॉलरीला पस्तीस रुपये. पोरं झोपली की ट्यूबलाइटखाली बसायचे, मनगट दुखायला लागलं की मूव्ह चोळून परत. दुकानदार पैसे देताना दरवेळी एक कॉलर उलटीपालटी करून बघायचा, "ही जरा मोठी झालीय ताई" म्हणून दहा रुपये कापायचा. शेवटच्या अठरा कॉलरींचे तर दिलेच नाहीत. पण पैशाचं दुःख गेलं, खरंच गेलं. दुःख याचं आहे की त्यानंतर अकरा वर्षं मी सुईला हात लावला नाही. अकरा! माझ्याकडे दुसरी पिशवी नव्हती ना. सगळा दोरा त्याच्याच नावाचा होता, त्यामुळे तो माणूस गेला तेव्हा दोराही गेला.

आणि त्याच अकरा वर्षांत माझ्या सासूबाई गेल्या.

त्यांचं तुला कधी सांगितलं नाही. त्या वर्ध्याच्या, माहेरी रोज कातायचा शिरस्ता. आमच्याकडे त्यांचा पेटीचरखा होता, गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना जो तयार झाला तो, मिटला की जाडजूड पुस्तकासारखा दिसणारा. दुपारी जेवणं झाली की त्या खाली सतरंजीवर बसून तो उघडायच्या. मला दोन-तीनदा म्हणाल्या, बस गं जरा, दाखवते. आणि मी काय म्हणाले माहितीये? मी म्हणाले, "एवढं कातून त्याचे मिळणार किती?" कॉलरींचा हिशोब डोक्यात होता तेव्हा. त्या काही बोलल्या नाहीत, पेळू, म्हणजे कातायची कापसाची वळी, परत डब्यात ठेवला. पुन्हा कधी बोलावलं नाही मला. त्या गेल्यावर घर आवरताना तो चरखा रद्दीवाल्याच्या हातगाडीवर गेला, मीच दिला, एक चाक फुटलं होतं म्हणून.

मग बावन्नाव्या वर्षी मी सूत कातायची छोटी तकली घेऊन बसले, शिकवणारं कोणी नाही. कापसाचा तंतू इंच-सव्वा इंचाचा, त्याला पीळ कमी पडला की सुटतो, जास्त पडला की गुंडाळून गाठ होते. तीन आठवडे माझं सूत वीतभराच्या पुढे जात नव्हतं, नवरा म्हणायचा वाती वळतेयस का. मग एका दुपारी तकलीचं टोक वाटीत टेकवलं, चिमूट जरा सैल सोडली, आणि पीळ आपोआप वर चढत गेला आणि पेळूतून सूत निघतच राहिलं, निघतच राहिलं, माझा हात खांद्याच्या वर गेला तरी तुटलं नाही. मी एकटी होते घरात. ते दाखवायचं कोणाला, तर ज्यांना दाखवायचं त्यांना मी किती मिळणार विचारून बसले होते. म्हणून मी "किती मिळणार" या शब्दांवर खार खाऊन आहे, तुझ्यावर नाही.

बरं, पैशाशिवाय केलं की सगळं गोड असंही समजू नकोस, जबरदस्ती नुसती पैशाचीच असते असं नाही. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजी अध्यक्ष, आणि ठरलं की सभासदाने वर्गणी म्हणून दरमहा दोन हजार वार सूत द्यायचं, स्वतः कातलेलं. म्हणजे पावणेदोन किलोमीटरच्या वर. पण कातायची इच्छा नसेल तर दुसऱ्याकडून घेऊन भरलं तरी चालेल, अशी पळवाट त्याच नियमात होती! पुढच्याच वर्षी ती सक्ती सुटली, सूत नको असेल तर चार आणे भरा असं झालं. आता बघ, एवढा मोठा माणूस सांगणारा, एवढं मोठं कारण, आणि तरी माणसं हप्ता भरल्यासारखं सूत भरायला लागली असतील तर तुझ्या सव्वीस कमळांचं काय घेऊन बसलास. हात हप्ता ओळखतो. म्हणून दुसरी पिशवी, जिच्यातलं कोणालाच द्यायचं बंधन नाही.

ऑर्डरच्या पिशवीबद्दलही बोलते, नाहीतर म्हणशील काकूंना पैशाचं वावडं आहे. अजिबात नाही. उलट तू पैसे फार कमी घेतोस याचाच मला राग येतो. एक कमळ पन्नास मिनिटं, विकतोस नव्व्याण्णवला, त्यात दोरा, पाकीट, कुरिअर. हे कोणत्या हिशोबात बसतं? क्रोशा अजून कारखान्यातल्या मशीनला जमलेला नाही, ठाऊक आहे ना? जे मशीनवर निघतं ते दिसायला तसं असतं, पण ते वेगळं विणकाम. मॉलमध्ये खराखुरा क्रोशाचा टॉप चारशेला टांगलेला दिसला तर समज की तो कोणीतरी हातानेच विणलाय आणि त्या कोणाला तरी काहीच मिळालं नाहीये. आंध्रात गोदावरीच्या मुखाकडे नरसापूर आहे, तिथल्या बायका मिशनऱ्यांच्या काळापासून क्रोशाची लेस विणतात, परदेशात जाते, व्यापारी मोठे झाले आणि बायकांना नगावर पैसे, कारण काय तर त्या "फावल्या वेळात" करतात. हा फावला वेळ शब्द कोणी तुझ्याशी भाव करताना काढला ना, की सरळ किंमत वाढव. ऑर्डरच्या पिशवीत लाजायचं नाही, मिनिटं लिहून ठेवायची, आणि अठ्ठेचाळीस कमळं झेपत नसतील तर तीस घ्यायची. झालं. त्या पिशवीबद्दल माझं एवढंच.

माझं खरं बोलणं दुसऱ्या पिशवीचं. तिच्यात काय ठेवशील? ऑर्डरचा तो मिल्क कॉटनचा दोरा नको, त्याचा तुला आता वासही नको झाला असेल. मी तुला मागे धनगराकडची काळी-करडी लोकर दिली होती, दख्खनी मेंढीची, टोचते म्हणून तू नाक मुरडलंस. ती परत काढ. ती अंगाला टोचेल पण बोटांना तिच्याइतकं बोलणारं दुसरं काही नाही, तेल असतं तिला, काततांना हात मऊ होतात. तिचं काय करायचं ते ठरवू नकोस. टोपी झाली तर झाली. उसवलीस तरी चालेल, मी एक पिवळी लडी चार वेळा विणून चार वेळा उसवलीय, अजून तिचं काही झालेलं नाही आणि तिच्याइतकी मजा मला कशातच आली नाही.

पिवळ्यावरून आठवलं, तू त्या रीलवाल्यांचं बघून बीटात सूत रंगवलंस ना? फोटो काढेपर्यंत गुलाबी, दोन धुण्यांत मळकट. मी तेव्हा हसले नाही कारण मी हळदीत रंगवून उन्हात वाळत घातलं होतं एकदा, संध्याकाळपर्यंत पांढरं फटक. सुताला रंग नुसता लावून चालत नाही, त्याला धरायला काहीतरी लागतं. आधी सोड्यात उकळून मेण-तेल काढायचं, मग हिरड्याच्या पाण्यात भिजवायचं, मग तुरटी, आणि मग झेंडू. दसऱ्याचं तोरण उतरवलं की मी फुलं फेकत नाही, गच्चीत वाळवते, सोसायटीतले लोक आता आपापली तोरणंही माझ्या दाराशी आणून ठेवतात. मंजिष्ठेचं, त्या लाल रंगाच्या मुळीचं, मात्र लक्षात ठेव, तिला खळखळून उकळलं की लाल जाऊन विटकरी होतं. मी तासभर फोनवर बोलत बसले आणि अर्धा किलो सूत विटकरी करून ठेवलं, शिव्या घातल्या स्वतःला, आता त्याच सुताच्या विणलेल्या पिशवीत बटाटे ठेवते.

आता एक सांगते जे सांगायचं नव्हतं. माझी ती निळी शाल, तू बघितलीयस. तकलीवर कातलेलं सूत, दोन वर्षं लागली, सहा वेळा निळीत बुडवलेलं. माझ्या एका मैत्रिणीने ती मुलीच्या साखरपुड्यासाठी मागितली. बारा हजार देते म्हणाली. मी नाही म्हणाले. तिला वाटलं मी भाव वाढवतेय, पंधरा म्हणाली! मग मी जरा जास्तच ताडकन बोलले आणि तीन वर्षं झाली ती गणपतीला आमच्याकडे येत नाही.

मी चुकले नाही. नियम म्हणजे नियम, आपल्या पिशवीतलं विकायचं नाही. एकदा विकलं असतं तर पुढच्या शालीच्या वेळी पहिल्या टाक्यापासून पंधरा हजार दिसले असते मला, आणि मग परत ती कॉलर आणि परत तो ट्यूबलाइट. नाहीच चुकले. तिने किंमत विचारली, म्हणून मी नाही म्हणाले. नुसतं "देशील का" म्हणाली असती तर... आता हे लिहिताना वाटतंय की दिली असती. विकायचं नाही एवढाच नियम आहे, द्यायचं नाही असं मी कधी म्हटलंच नव्हतं, पण त्या दिवशी मला स्वतःलाच हा फरक सुचला नाही आणि तिला तो मी सांगावा अशी तिची अपेक्षा असणार. तिने तरी विचारायला हवं होतं नीट. असो. हे तुझ्यासाठी नव्हतं.

उरलेली सव्वीस कमळं पूर्ण कर, पैसे घेतलेत म्हणून. नवीन ऑर्डर घेऊ नकोस दिवाळीपर्यंत, कोणाच्या ताईची असली तरी. आणि पुढच्या रविवारी ये. निळीचं मडकं लावतेय, एक भाग नीळ, दोन भाग चुना, तीन भाग गूळ, कोमट ठेवायचं आणि ढवळताना हवा जाऊ द्यायची नाही, वर तांबूस झिलई आली आणि खालचं पाणी पिवळट-हिरवं दिसलं की तयार. सूत बाहेर काढतोस तेव्हा ते हिरवं असतं, तुझ्या डोळ्यांसमोर हवेत निळं होत जातं. फोन आत ठेवायचा, रील बनवायची नाही. ती काळी लोकर आण, फक्त निळीत घालायची नाही, चुन्याने खराब होते, ती आपण नुसती कातत बसू.

शर्ट जुना घाल, नखं आठवडाभर निळी राहतात.

तुझी,
काकू