एनसी घेतली म्हणजे गुन्हा नोंदवला असं नाही

प्रश्न: नवऱ्याने मारल्यामुळे माझ्या कानाचा पडदा फाटला. सहा वर्षं मारहाण सुरू आहे आणि माहेरून पाच लाख आण असा तगादाही. पुण्यात पोलिसांनी एनसी घेऊन समुपदेशनाला पाठवलं. आता मी मुलासह सोलापूरला माहेरी आहे. घर सासूच्या नावावर आहे, तुझा इथे हक्क नाही, असं ते म्हणतात. काय करू?

उत्तर: ताई, एनसी ही अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत, म्हणून ती पडून राहते. बहुतेकदा असं होतं की बाई ठाण्यात फक्त त्या दिवसाचं सांगते. थप्पड आणि शिवीगाळ एवढंच लिहिलं गेलं की प्रकरण साध्या दुखापतीत बसतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मधला छळ (जुन्या भारतीय दंडसंहितेचं ४९८अ) मात्र दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, आणि त्यासाठी सगळा इतिहास लागतो.

म्हणून तक्रार घरी बसून लिहा. प्रत्येक मोठ्या प्रसंगाची तारीख (नक्की आठवत नसेल तर महिना किंवा सण), कशाने मारलं, कुठे लागलं, कोण हजर होतं, पैसे कोणी आणि कोणत्या शब्दांत मागितले, हे सगळं. सासरच्या प्रत्येकाचं नाव सरसकट घालू नका. ज्याने जे केलं तेवढंच लिहा. मोघम आरोपांवर नातेवाइकांविरुद्धचा गुन्हा उच्च न्यायालयात रद्द होतो आणि खऱ्या तक्रारीवरही शंका येते. न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली; त्यापूर्वीच्या घटनांना जुनी दंडसंहिता लागते, त्या वेगळ्या मांडा.

तक्रार सोलापुरातच देता येते. छळामुळे बाई जिथे आश्रयाला गेली, तिथेही ४९८अ चा खटला चालू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रूपाली देवी प्रकरणात सांगितलं आहे. हद्दीचं कारण दिलं तर झीरो एफआयआरचा (हद्द कोणतीही असली तरी नोंदवून मग योग्य ठाण्याकडे पाठवला जाणारा एफआयआर) आग्रह धरा. एफआयआरची प्रत मोफत मिळते. नकार आला तर पोलीस अधीक्षकांना (आयुक्तालयात उपायुक्तांना) रजिस्टर पोस्टाने कळवा, पोचपावती जपा. तरीही हालचाल नसेल तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. समुपदेशन पूर्ण झाल्याशिवाय एफआयआर नाही, असा नियम कायद्यात नाही. तिथे 'आपसात मिटलं, तक्रार नाही' अशा कागदावर सही मुळीच करू नका.

कानाचे कागद आजच मिळवा. दवाखान्याच्या नोंदीत 'पडून लागलं' लिहिलं असेल, तर भीतीपोटी तसं सांगितल्याचं तक्रारीत स्पष्ट लिहा. नाहीतर उलटतपासणीत त्याच ओळीवर बोट ठेवलं जाईल. धमकीचे मेसेज पुसू नका, मूळ फोन बदलू नका. स्क्रीनशॉट कोर्टात द्यायचे तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं) प्रमाणपत्र लागतं.

दुसरा रस्ता पोलिसांवर अवलंबून नाही, आणि माझ्या मते तुम्हाला लवकर आधार तोच देईल. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ च्या कलम १२ चा अर्ज सोलापूरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करा; तात्पुरत्या निवासाच्या ठिकाणीही तो चालतो. या कायद्याखाली सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी अर्जाला मदत करतात. पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात निकाल लांबतो. म्हणून कलम २३ खाली अंतरिम संरक्षण, पोटगी आणि मुलाचा ताबा पहिल्याच दिवशी मागा. संरक्षण आदेश मोडला तर तो दखलपात्र गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

घर सासूच्या नावावर आहे एवढ्याने तुमचा राहण्याचा हक्क जात नाही. तुम्ही तिथे संसार केला असेल तर ते सामायिक घर ठरू शकतं, असं २०२० च्या सतीशचंद्र आहुजा निकालात म्हटलं आहे. मात्र मालकी मिळत नाही, आणि सासूला घराबाहेर काढण्याचा आदेशही होत नाही. तिथे परतणं धोक्याचं वाटत असेल तर पर्यायी घर किंवा त्याचं भाडं मागा.

वकिलाच्या फीसाठी थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील देतं. एनसीची प्रत, दवाखान्याचे कागद आणि आधार कार्ड घेऊन जा. नवरा दाराशी आला तर ११२ ला फोन करा.