पेज व्ह्यू तेवढेच, तरी गूगलच्या ॲडसेन्स या जाहिरात सेवेची कमाई 52 डॉलरवरून 31 वर कशी आली? क्लिकऐवजी इम्प्रेशनवर, म्हणजे जाहिरात नुसती दाखवली गेल्यावर, पैसे मिळायला लागल्यामुळे का?

तासगावातून बेदाणा आणि हळदीचे भाव देणारी तुमची वर्डप्रेस साइट. 28 दिवसांत 60,000 पेज व्ह्यू, आधीच्या 28 दिवसांतही तेवढेच. जाहिरातींची इम्प्रेशन्स मात्र 1,50,000 वरून 96,000 वर, आणि मधल्या काळात थीम, म्हणजे साइटचा साचा, बदललेली. एवढी माहिती तुम्ही दिलीत हे बरं झालं, कारण उत्तर त्यातच आहे.

52 ला 1,50,000 ने भागून हजाराने गुणा. हजार इम्प्रेशन्सना साधारण 35 सेंट येतात. 31 आणि 96,000 चं तसंच केलं की 32 सेंट. म्हणजे दर सातेक टक्के उतरला आणि इम्प्रेशन्स 36 टक्के. एका पानावर सरासरी अडीच जाहिराती दिसत होत्या, आता दीडच्या थोड्या वर. 21 डॉलरच्या घटीतले जवळपास 19 डॉलर इथेच गेले. माझ्या मते आधी थीम तपासा, गूगलच्या दराकडे नंतर बघू.

थीम बदलली की दोन गोष्टी हमखास तुटतात. ॲडसेन्सचा कोड जुन्या थीमच्या हेडर फाइलमध्ये चिकटवला असेल तर तो तिथेच राहतो आणि ऑटो ॲड्स, म्हणजे गूगल आपोआप लावतं त्या जाहिराती, बंद पडतात. साइडबारच्या विजेटमध्ये हाताने टाकलेली युनिट्स, म्हणजे जाहिरातींच्या जागा, 'निष्क्रिय विजेट्स'मध्ये जाऊन बसतात. मोबाइलवर पानाचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, उघडा आणि तुमचा पब्लिशर आयडी, म्हणजे ॲडसेन्स खात्याचा क्रमांक, शोधा. नसेल तर कोड पुन्हा थीममध्ये न घालता हेडर-फूटरच्या प्लगइनमधून टाका, म्हणजे पुढच्या वेळी हे दुखणं नको. मग रिपोर्ट ॲड युनिटनुसार फोडा. ज्या युनिटची इम्प्रेशन्स शून्यावर आली, तेच हरवलेलं. त्याच बैठकीत ॲड्स डॉट टीएक्सटी फाइल (तुमच्या जागा विकायची परवानगी कुणाला आहे ते सांगणारी) उघडते का आणि खात्यात 'जाहिराती दाखवण्यावर मर्यादा' अशी सूचना आहे का, हेही बघून घ्या.

सगळी युनिट्स जागेवर असतील तर पानाची मांडणी बघा. भावाच्या पानावर वाचक आजचा दर बघतो आणि निघतो. नव्या थीमने तक्ता अगदी वर आणला असेल आणि जाहिराती स्क्रोल केल्यावरच लोड होत असतील, तर खालच्या जागा कुणाच्या दृष्टीलाच पडत नाहीत. साध्या डिस्प्ले जाहिरातीचे निम्मे पिक्सेल सलग एक सेकंद पडद्यावर राहिले तरच ती 'दिसली' असं धरतात, आणि न दिसणाऱ्या जागेला जाहिरातदार बोली कमी लावतात. एक युनिट तारीख आणि तक्ता यांच्या मध्ये ठेवा, दुसरं तक्त्याच्या लगेच खाली. दोन्हींना सीएसएसमध्ये किमान उंची द्या, नाहीतर जाहिरात आली की तक्ता खाली सरकतो आणि चुकून क्लिक पडतात. असे क्लिक अवैध ठरले तर महिनाअखेरीच्या हिशेबात पैसे कापले जातात.

आता तुमचा मूळ प्रश्न. 2021 मध्ये ॲडसेन्सचा जाहिरातींच्या जागांचा लिलाव पहिल्या किमतीचा झाला. आधी जिंकणारा दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा किंचित जास्त द्यायचा, आता स्वतःची बोली पूर्ण देतो आणि म्हणून ती जपून लावतो. 2024 च्या सुरुवातीला क्लिकऐवजी इम्प्रेशनवर पैसे सुरू झाले. तुमचा वाटा मात्र फारसा हलला नाही. आधी 68 टक्के होता. आता खरेदीच्या बाजूची फी वजा जाता 80 टक्के मिळतात. जाहिरातदार जिथून जाहिराती देतात ते गूगल ॲड्स सरासरी 15 टक्के ठेवतं, आणि 85 चे 80 टक्के म्हणजे 68 च. मात्र क्लिकच्या आशेने बटणाला खेटून जाहिरात ठेवण्यात आता फायदा नाही, नुसता धोका आहे.

दरातल्या त्या सात टक्क्यांच्या घटीसाठी रिपोर्ट देश आणि उपकरणानुसार फोडा. आखाती देश किंवा इंग्लंडमधले वाचक घटले तर दर पडतो. इंग्लंड आणि युरोपातल्या वाचकांसाठी जानेवारी 2024 पासून गूगलने प्रमाणित केलेली, वाचकाची संमती विचारणारी खिडकी लागते. ती नसेल तर तिथे वैयक्तिकृत जाहिराती येत नाहीत. हंगामही धरा. दिवाळीआधी बोली चढते, जानेवारीत उतरते. एप्रिलमध्ये बेदाण्याची आवक जोरात असली, तरी जाहिरातदारांची नव्या आर्थिक वर्षाची बजेटं तेव्हा नुकती ठरत असतात. म्हणून तुलना आधीच्या महिन्याशी करा, तशी गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशीही करा.

वरची एक जागा थेट विकायचा विचार जरूर करा. ठिबकचे विक्रेते, शीतगृहं, द्राक्षाच्या रोपवाटिका यांना तुमचाच वाचक हवा असतो. 60,000 इम्प्रेशन्स, हजाराला सरासरी 32 सेंट, म्हणजे ती जागा आज ॲडसेन्सवर 28 दिवसांत साधारण 19 डॉलर देते. त्या दिवसाच्या बँकदराने त्याचे जे रुपये होतील, त्याखाली ती देऊ नका. जाहिरातीवर 'प्रायोजित' असं स्पष्ट लिहा आणि लिंकला स्पॉन्सर्डचा टॅग लावा.

ॲडसेन्स 100 डॉलर साठल्यावरच पैसे पाठवतं. महिना 31 डॉलरने हा उंबरठा चौथ्या महिन्यात ओलांडला जाईल, आणि पैसे त्याच्या पुढच्या महिन्यात 21 ते 26 तारखेदरम्यान निघतील. होस्टिंगचं नूतनीकरण त्याआधी येत असेल तर तेवढी रक्कम आत्ताच बाजूला काढा.