घरी बनवलेल्या पल्स कॉइल सर्किटला अर्थिंग कुठे द्यायचं?
तुमचा प्रश्न असा की ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४०० व्होल्टला चार्ज करून एससीआरमधून (गेटला सिग्नल दिला की चालू होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) ५० मायक्रोहेन्रीच्या कॉइलमध्ये सोडताय, दर पल्सला मायक्रोकंट्रोलर रिसेट होतो, मग कपॅसिटरची निगेटिव्ह भिंतीतल्या सॉकेटच्या अर्थला जोडली तर रिसेटही थांबेल आणि शॉकपासूनही वाचू का. नाही, दोन्ही होणार नाही.

आधी बघा चार्जिंग कशावरून होतंय. आयसोलेशन न ठेवता, म्हणजे मध्ये ट्रान्सफॉर्मर न घालता, डायरेक्ट मेनवरून ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड) लावून करत असाल तर ती निगेटिव्ह ग्राउंड नसतेच, अर्धी सायकल ती फेजलाच चिकटलेली असते, अर्थला लावलीत की ब्रिज उडेल, तो प्रकार बंदच करा. १२ व्होल्ट बॅटरी आणि व्होल्टेज वाढवणारा बूस्ट कन्व्हर्टर असेल तर पुढे वाचा.

रिसेटचं कारण अर्थ नसणं हे नाही, पल्सचा करंट परत कुठून येतो हे आहे. ४०० भागिले ५०, म्हणजे सुरुवातीला करंट मायक्रोसेकंदाला ८ अँपियरने चढतो. साध्या वायरला मीटरमागे साधारण १ मायक्रोहेन्री इंडक्टन्स (करंट बदलायला होणारा विरोध) असतो, त्यामुळे हा करंट १० मीटरच्या अर्थ वायरमधून गेला तर तिच्या दोन टोकांत साठ-सत्तर व्होल्ट उभे राहतात, आणि तुमचा लॅपटॉप त्याच अर्थवर असेल तर त्यालाही ते भोगावे लागतात. म्हणून कपॅसिटर, एससीआर, कॉइल हा लूप जाड वायरने जेवढा आखूड करता येईल तेवढा करा, कंट्रोलरची ग्राउंड कपॅसिटरच्या निगेटिव्हला एकाच ठिकाणी आणून जोडा, एससीआरच्या गेटला पल्स ट्रान्सफॉर्मर नाहीतर ऑप्टो (प्रकाशातून सिग्नल देणारा आयसी) लावा. अर्थ फक्त लोखंडी डब्याला, आणि निगेटिव्ह डब्याला जोडायची तर तीही एकाच पॉइंटला.

आता शॉकचं. त्या कपॅसिटरमध्ये जवळपास ३८ ज्यूल असतात आणि दोन टोकांना दोन हात लागले तर अर्थ बिचारा काहीच करू शकत नाही, आरसीसीबी (करंट गळला की मेन तोडणारा स्विच) सुद्धा पडणार नाही कारण हा करंट मेनमधून जातच नाहीये. इथे कामाला येतो तो ब्लीडर, म्हणजे चार्ज हळूहळू रिकामा करणारा रेझिस्टर, ४७ किलोओहम, कपॅसिटरच्या पायांवरच कायमचा सोल्डर केलेला. ४०० व्होल्टला त्यात ३.४ वॅट जळतात म्हणून १० वॅटचा घ्या, पाव वॅटवाला लावू नका. पाच व्होल्टच्या खाली यायला दीडेक मिनिट लागतं, तेवढं थांबा आणि मग मीटरने मोजा, कारण ब्लीडरचाही पाय तुटू शकतो.

मी एकदा स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट केलेला कपॅसिटर, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला खड्डा पडला होता, बाजूला ठेवून चहा पिऊन आलो आणि उचलला तर झटका बसला, मीटर लावला तर तीसेक व्होल्ट. डायइलेक्ट्रिकमध्ये, म्हणजे कपॅसिटरच्या आतल्या इन्सुलेशनमध्ये, अडकलेला चार्ज हळूहळू परत वर येतो, तेव्हापासून बाजूला ठेवलेल्या कपॅसिटरला मी शॉर्टिंग वायर बांधूनच ठेवतो. डिस्चार्जही आता १ किलोओहमच्या वायरवाउंड रेझिस्टरमधून, एक हात खिशात ठेवून.

ऑसिलोस्कोप असेल तर त्याच्या प्रोबची क्लिप आतून मेन अर्थलाच असते, ती एससीआरच्या वरच्या बाजूला लावू नका.

कॉइलवर फ्रीव्हील डायोड (कॉइलचा उरलेला करंट तिच्यातच फिरवणारा) आहे का ते तुम्ही लिहिलं नाहीत, नसेल तर पल्स संपताना कपॅसिटर उलटा चार्ज होतो आणि इलेक्ट्रोलिटिक असेल तर तो फुटू शकतो, तेवढं सर्किट टाका म्हणजे डायोड कुठला ते बघू.