देखाव्याच्या बॅनरवर सगळा मजकूर 'स्पेस' फॉन्टमध्ये, म्हणजे अंतराळ-सिनेमासारख्या 'फ्युचर' अक्षरांत, लावू का?

नको. नाव तेवढं त्यात. वेळ, पत्ता, वर्गणी साध्या 'मुक्ता' (Mukta) फॉन्टमध्ये लावा. हे फॉन्ट मुळात मथळ्यासाठीच असतात. उदाहरणार्थ १९५२ चा इंग्रजी फॉन्ट मायक्रोग्रामा घ्या: टीव्हीच्या पडद्यासारखा गोल कोपऱ्यांचा चौकोन, आणि फक्त कॅपिटल अक्षरं. स्मॉल अक्षरं आली ती १९६२ मध्ये, इटालियन फॉन्टकार आल्दो नोव्हारेसेच्या युरोस्टाइल फॉन्टमध्ये.

खरी गोची देवनागरीत आहे. 'फ्युचर' लूकसाठी लोक आधी शिरोरेषाच उडवतात. पण ध आणि घ, भ आणि म यांच्यातला फरक बराचसा तिथेच तर असतो! आमच्या इंदुरात गेल्या गणपतीत एका फ्लेक्सवर 'भव्य'चं 'मव्य' झालेलं मी राजवाड्याजवळ उभं राहून वाचलंय. (पोहे खात होतो, ठसकाच लागला.) रेषा ठेवा, हवी तर बारीक करा.

स्वतः अक्षर काढणार असाल तर नुसत्या कंपास-पट्टीवर विसंबू नका. सारख्या जाडीची आडवी रेघ उभीपेक्षा जाड दिसते, ती किंचित बारीक घ्या. गोलही ओळीबाहेर जरासा काढावा, नाहीतर शेजारच्या चौकोनापुढे खुजा वाटतो. छापण्याआधी ए-फोरवर प्रिंट काढून भिंतीला लावा आणि रस्त्यापलीकडून वाचून बघा.