‘आपल्या देवांत मोठा कोण?’

मेलबर्नला राहणाऱ्या एका कुटुंबाचे पत्र आले आहे. आईचे माहेर खानापूर तालुक्यातले, वडिलांचे घर निपाणीकडचे आणि मुलगी नऊ वर्षांची. शाळेत आपल्या धर्माविषयी माहिती सांगायची होती, म्हणून तिने तक्त्यावर तीन चौकोन काढले आणि त्यांत ब्रह्मा निर्माण करतो, विष्णू सांभाळतो, शिव नाश करतो असे लिहिले. वर्गातील एका मुलाने विचारले, ‘नाश करणाऱ्याची पूजा तुम्ही का करता?’ मुलीला उत्तर देता आले नाही. घरी येऊन तिने देव्हाऱ्यात पाहिले, तर तिथे यल्लम्मा आणि जोतिबाचे टाक, दत्ताची तसबीर आणि विठोबाची मूर्ती होती. तक्त्यावरचा एकही देव तिला तक्त्यावरच्या रूपात सापडला नाही. मग दुसरा प्रश्न आला, ‘यांच्यात मोठा कोण?’ निपाणीहून आजींनी फोनवर ‘बाळ, सगळे एकच’ असे सांगितले, पण मुलीचे समाधान झाले नाही. आता तिला काय सांगावे, असे आईने विचारले आहे.

आजींचे म्हणणे खोटे नाही, परंतु नऊ वर्षांच्या मुलीसाठी ते फार लवकर दिलेले उत्तर आहे. सगळे एकच असतील तर कामे वेगळी का, ही तिची शंका रास्त आहे आणि तिच्यापासूनच आरंभ करावा, असे आम्हांस वाटते.

तक्त्यावरची मांडणी पुराणांतूनच आलेली आहे. सृष्टी, स्थिती आणि लय ही तीन कार्ये, त्यांना जोडलेले रज, सत्त्व आणि तम हे तीन गुण आणि त्यांचे अधिष्ठाते म्हणून ब्रह्मा, विष्णू व महेश, असा तो क्रम आहे. मात्र त्याला मंत्रिमंडळाच्या खातेवाटपाप्रमाणे समजू नये. वैष्णवांच्या दृष्टीने ब्रह्मदेव विष्णूच्या नाभिकमळातून प्रकटतो. शैवांच्या आगम नावाच्या ग्रंथांत सृष्टी, स्थिती, संहार, तिरोभाव म्हणजे स्वरूप झाकून ठेवणे आणि अनुग्रह म्हणजे कृपा ही पाचही कृत्ये शिवाचीच मानलेली आहेत. आणि शाक्तांच्या मते देवीच्या शक्तीवाचून या तिघांपैकी कोणाचाही हात हलत नाही. ‘जनरेटर, ऑपरेटर, डिस्ट्रॉयर’ अशी ‘गॉड’ या इंग्रजी शब्दाची आद्याक्षरे जुळवून परदेशात जे पाठांतर करून घेतले जाते ते लक्षात राहायला सोपे असले, तरी त्यातील शेवटच्या शब्दानेच आपल्या मुलीला अडचणीत आणले आहे.

त्या शब्दाविषयी थोडे विस्ताराने सांगतो. संहार म्हणजे मोडतोड नव्हे. ‘सम्’ आणि ‘हृ’ मिळून झालेल्या या शब्दाचा मूळ अर्थ एकत्र आणणे, आवरून घेणे असा आहे, आणि आपण शाळेत निबंधाच्या शेवटी जो उपसंहार लिहीत होतो तोही त्याच घरातला शब्द आहे. तरीही मुलीला व्युत्पत्ती कंटाळवाणी वाटली, तर आईने खानापूरचे भातशेत आठवावे. तरवा उपटल्याशिवाय रोपलावण होत नाही. वाफ्यातून रोप काढणारा हात त्याचा शत्रू नसतो. शिवाचे काम या उपटण्याच्या बाजूचे आहे, आणि ते वेळेवर झाले नाही तर पुढचे पीकच येत नाही.

आता देवांची कार्ये एकमेकांना कशी पूरक ठरतात, हे दाखवायला आपल्या सीमाभागासारखे क्षेत्र शोधून सापडणार नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील खिद्रापूरला कृष्णेच्या काठी कोपेश्वराचे प्राचीन देऊळ आहे. अठ्ठेचाळीस खांबांचा, वरून मोकळ्या गोल छताचा स्वर्गमंडप पाहायला लोक जातात. परंतु गाभाऱ्यात शिवापुढे नंदी नाही, हे पुष्कळांच्या उशिरा ध्यानात येते. स्थानिक कथा अशी आहे की, दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून गेली, तिथे तिचा अवमान झाला, तिने देहत्याग केला आणि शिवाचा कोप अनावर झाला. तो कोप शांत करायला कोण आले, तर विष्णू. म्हणून त्या गाभाऱ्यात कोपेश्वराशेजारी धोपेश्वर आहे आणि त्याला विष्णूचे रूप मानतात. सतीला घेऊन गेलेला नंदी मात्र बेळगाव जिल्ह्यात, चिकोडी तालुक्यातल्या येडूरला आहे असे सांगतात, आणि येडूर हे वीरभद्राचे, म्हणजे त्याच कोपातून जन्मलेल्या गणाचे ठाणे आहे. एकच कथा दोन राज्यांत वाटली गेली आहे. देवांना सीमाप्रश्नाची कल्पना नसावी. या कथेत मोठा कोण, असा प्रश्न मुलीला विचारून पाहावा. कोपणारा आणि कोप आवरणारा यांच्यापैकी एकाला काढले, तर कथाच उरत नाही.

देव्हाऱ्यातील देवांनाही याच रीतीने तक्त्याशी जोडता येईल. तीन मुखांचा दत्त म्हणजे तिघांचे एकत्र रूप, हे नृसिंहवाडीला गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. भागवतात मात्र अत्री आणि अनसूयेला तीन पुत्र झाल्याचे सांगितले आहे, ब्रह्म्याच्या अंशाने सोम, विष्णूच्या अंशाने दत्त आणि शिवाच्या अंशाने दुर्वास. सौंदत्तीची यल्लम्मा भक्तांच्या श्रद्धेनुसार रेणुका आहे, तिचा पुत्र परशुराम हा विष्णूचा अवतार, आणि त्याच्या हातातला परशू शिवाने दिलेला. एका टाकात केवढा गोतावळा सामावला आहे पाहा. जोतिबातही तिघे एकवटले आहेत अशी भाविकांची धारणा आहे. विठोबासाठी नरहरी सोनारांची गोष्ट पुरे. शिवाशिवाय कोणाचे दर्शन घ्यायचे नाही म्हणून ते डोळे बांधून विठ्ठलाच्या कमरेचे माप घ्यायला गेले, हाताला शिवाची चिन्हे लागली म्हणून त्यांनी पट्टी काढली, तर समोर पुन्हा विठ्ठलच.

ब्रह्मदेव देव्हाऱ्यात का नाही, हेही मुलगी विचारील. त्याची स्वतंत्र देवळे थोडी आहेत, पुष्कर हे त्यांतले प्रसिद्ध. घरात त्याची आठवण बाळाच्या जन्मानंतर ‘ब्रह्मलिखित’ या शब्दापुरती निघते, आणि तिथेही आपल्या बायकांनी कपाळावर लिहिण्याची लेखणी सटवाईच्या हाती देऊन टाकली आहे.

‘मोठा कोण’ याचे उत्तर आम्ही पंचायतन पूजेवरून देऊ. शिव, विष्णू, देवी, सूर्य आणि गणपती हे पाच देव तिथे असतात. ज्याचा जो इष्टदेव तो मध्ये बसतो आणि उरलेले चार भोवती. घर बदलले की मधला देव बदलतो, पण कोणी उठून जात नाही. एक सावधगिरी मात्र बाळगावी. गोकाक किंवा बैलहोंगलकडची लिंगायत कुटुंबे तिथे आपल्या ओळखीची असतील, तर बसवण्णांच्या परंपरेत इष्टलिंगाचीच, म्हणजे अंगावर धारण केलेल्या लिंगाचीच उपासना असते आणि त्रिमूर्तीची मांडणी त्यांची नव्हे. म्हणून तक्त्यावर ‘आम्ही सगळे असे मानतो’ असे लिहू नये, ‘आमच्या घरी असे मानतात’ असे लिहावे.

गोष्टींबरोबर एखादी कृतीही घरात असावी. आषाढी एकादशीला विष्णू निद्रिस्त होतो, चातुर्मासात सृष्टीचा कारभार शिव पाहतो आणि कार्तिकात, वैकुंठ चतुर्दशीला, तो विष्णूकडे परत सोपवतो अशी लोकसमजूत आहे. एरवी शिवाला बेल आणि विष्णूला तुळस वाहतात. त्या दिवशी विष्णूला बेल आणि शिवाला तुळस वाहिली जाते. ही अदलाबदल मुलीच्या हातून करवावी. बेल निपाणीहून टपालाने मागवण्याच्या भानगडीत पडू नये, कारण ऑस्ट्रेलियात पानाफुलांवर कडक निर्बंध आहेत. जो उपचार उपलब्ध नसेल त्याच्या जागी अक्षता वाहण्याची सोय आपल्या पूजाविधीत आहे, आणि तांदूळ मेलबर्नलाही मिळतो.