रंगीत फिल्म येण्याआधी जिलेटिनच्या काचांवरून कागदावर रंगीत फोटो कसे छापत?

तुमचा प्रश्न असा: छायाचित्रणाच्या एका जुन्या पुस्तकात 'जिलेटिनची काच रंगात बुडवून कागदावर दाबली की फोटो उठतो' असं वाक्य वाचलं. अशी पद्धत खरोखर होती का, तिचं नाव काय, आणि आज घरी करून बघता येईल का?

होती. वर्णनावरून ती पिनाटाइप दिसते. लेओं दिदिए या फ्रेंच रसायनतज्ज्ञाची ही कल्पना. १९०५च्या सुमारास जर्मनीतल्या फ्रांकफुर्टजवळच्या हेक्स्टच्या रंग-कारखान्याने तिच्यासाठी लागणारं साहित्य बाजारात आणलं. मुंबईकरांना मुलुंडमुळे औषधवाली म्हणून माहीत असलेली हेक्स्ट ती हीच; तिची सुरुवात कापडाच्या रंगांपासून झाली.

मी स्क्रीन प्रिंटिंगच्या धंद्यात आहे, आणि बायक्रोमेट या क्रोमियमच्या क्षाराच्या जुन्या पद्धती हाताने करत आले आहे. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल, पण हा विषय घाईने सांगण्यासारखा नाही.

सगळा खेळ जिलेटिनच्या एका स्वभावावर आहे. साधं जिलेटिन थंड पाण्यात फुगतं आणि कोमट पाण्यात विरघळतं. त्यात पोटॅशियम किंवा अमोनियम बायक्रोमेट मिसळून, अंधारात वाळवून, वर ऊन पाडलं की जिथे ऊन लागलं तिथलं जिलेटिन घट्ट होतं. ते पाणी कमी पितं, फुगत नाही, गरम पाण्यातही विरघळत नाही. कारण असं की प्रकाशाने बायक्रोमेटमधलं क्रोमियम उतरत उतरत त्रिसंयुजी रूपात येतं आणि जिलेटिनच्या शेजारच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधून टाकतं. चामड्याच्या क्रोम टॅनिंगमध्ये, म्हणजे कातडं कमावताना, हेच क्रोमियम कातड्यातल्या प्रथिनाला बांधतं. म्हणजे फोटोवाले जे करत होते ते उन्हाच्या मापाने जिलेटिन कमावणंच होतं.

बायक्रोमेट लावलेला कागद उन्हात रंग बदलतो हे स्कॉटलंडच्या मंगो पाँटनने १८३९ साली दाखवलं. जिलेटिन घट्ट होतं हे इंग्लंडच्या टॅलबटने १८५२ साली पकडलं आणि १८५५ साली पॅरिसमध्ये अल्फाँस प्वातव्हँने त्यावरून एकाच वर्षात दोन वाटा काढल्या. एक काजळी मिसळलेल्या जिलेटिनची, म्हणजे पुढची कार्बन प्रिंट, आणि दुसरी तेलकट शाई धरणाऱ्या जिलेटिनची, म्हणजे पुढचं कोलोटाइप. त्यानंतरच्या सत्तर-ऐंशी वर्षांत जिलेटिनवरून छपाईच्या जेवढ्या पद्धती आल्या, त्या सगळ्या या एका गुणाचा वेगवेगळा उपयोग आहेत.

आता पिनाटाइप प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगते.

सुरुवात कॅमेऱ्याने. त्याच दृश्याचे तीन काळे-पांढरे निगेटिव्ह घ्यायचे: एक लाल काचेतून, एक हिरव्या, एक निळ्या. बायक्रोमेटचं जिलेटिन इतकं मंद असतं की कॅमेऱ्यात त्याचा काही उपयोग नाही, म्हणून हे काम नेहमीच्या, चांदीच्या क्षारांचा थर असलेल्या काचांवरच व्हायचं. या तीन निगेटिव्हवरून काचेवर तीन पॉझिटिव्ह काढायचे, आणि ते छापायच्या मापाचेच हवेत, कारण पुढे सगळं काचेला काच लावून होतं.

मग जिलेटिन चढवलेल्या तीन काचा बायक्रोमेटच्या पाण्यात भिजवून अंधारात वाळवायच्या. प्रत्येकीवर तिचा पॉझिटिव्ह ठेवून ऊन दाखवायचं. पॉझिटिव्ह जिथे पारदर्शक तिथे ऊन पोचतं आणि जिलेटिन घट्ट होतं. जिथे काळा तिथे ते मऊ राहतं. मधल्या छटांमध्ये मधलं. मग थंड पाण्यात धुऊन सगळं पिवळं बायक्रोमेट काढून टाकायचं. आता काच हातात घेतली तर तिच्यावर जवळजवळ काहीच दिसत नाही. चित्र आहे, पण ते कुठे किती पाणी प्यायलं जाईल एवढ्याच रूपात आहे.

ही काच रंगाच्या पाण्यात ठेवायची. मऊ भाग रंग पितो, घट्ट भाग पीत नाही. लाल काचेतून घेतलेल्या चित्राची काच निळसर रंगात, हिरव्या काचेतल्याची किरमिजी रंगात, निळ्या काचेतल्याची पिवळ्यात. वरवर उलटं वाटतं, पण विचार केला तर सरळ आहे. ज्या जागेने लाल प्रकाश परत पाठवला नाही, ती जागा कागदावरही लाल प्रकाश खाणारी हवी, आणि लाल प्रकाश खाणारा रंग निळसर असतो.

शेवटी जिलेटिन चढवलेला कागद पाण्यात पूर्ण भिजवून रंगलेल्या काचेवर पसरायचा, रबरी पट्टीने हवा काढायची आणि काही मिनिटं तसाच ठेवायचा. काचेतला रंग हळूहळू कागदाच्या जिलेटिनमध्ये उतरतो. कागद सोलून काढायचा आणि दुसऱ्या काचेवर अगदी जागच्या जागी बसवायचा, मग तिसऱ्या. तीन चित्रं एकमेकांवर चपखल बसली की रंगीत फोटो तयार. काच पुन्हा रंगात टाकली की पुढची प्रत. शाई नाही, यंत्र नाही, ठिपके नाहीत. भिंगाखाली बघितलं तरी रंग सलग दिसतो, कारण तो कागदावर बसलेला नसून जिलेटिनच्या आत मुरलेला असतो.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. छायाचित्रणाचा इतिहास सांगताना आपण कॅमेरे, भिंगं, काचा यांच्याबद्दल बोलतो. या पद्धतीचं श्रेय मात्र माझ्या मते रंगाच्या रसायनशास्त्राला जायला हवं. कारण कल्पना बरीच आधी आलेली होती. शार्ल क्रो या पॅरिसच्या कवीने १८८० सालीच लिहून ठेवलं होतं की बायक्रोमेटचं जिलेटिन उन्हात ठेवा, रंगात बुडवा, मऊ भागातला रंग दुसऱ्या जिलेटिनवर उतरवा. नाव दिलं हायड्रोटाइप. (हा विलक्षण माणूस. एडिसनच्या फोनोग्राफच्या आधी आवाज साठवायच्या यंत्राची कल्पना त्याने बंद पाकिटात पॅरिसच्या अकादमीकडे दिली होती. तीन रंगांच्या छायाचित्राचा त्याचा आणि लुई द्युको द्यु ओरोंचा प्रस्ताव १८६९ साली एकाच सभेत वाचला गेला, दोघांची ओळख नसताना.) तत्त्व हातात असूनही हायड्रोटाइपवर धंदा उभा राहिला नाही.

मऊ जिलेटिनमध्ये शिरणारे रंग पुष्कळ असतात, पण त्यातले बरेच घट्ट जिलेटिनलाही डाग पाडतात, आणि मग पांढरे भाग मळकट होतात. रंग असा हवा की मऊ भागात भरपूर शिरेल, घट्ट भागाला शिवणार नाही, कागदाशी गाठ पडली की काच सोडून देईल, आणि तरी कागदात गेल्यावर कडेने पसरणार नाही. शिवाय तिघांच्या छटा एकमेकांना पूरक हव्यात. असे रंग शोधायला हजारो कृत्रिम रंग हाताशी असलेला आणि त्यांची पद्धतशीर परीक्षा घेणारा कारखाना लागतो. हेक्स्टमध्ये एर्न्स्ट क्योनिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते केलं. त्याच कारखान्यात, त्याच वर्षांत, बेनो होमोल्काने पिनासायनॉल शोधला. हा रंग चांदीच्या काचेत मिसळला की तिला लाल प्रकाश दिसायला लागतो. त्याआधी लाल काचेतून निगेटिव्ह घेणं म्हणजे काचेवर फार वेळ प्रकाश पाडत बसणं. म्हणजे लाल रंग पकडणारी काचही रंगवाल्यांनी दिली आणि तो कागदावर उतरवणारं पाणीही.

जिलेटिनवरून रंग उतरवायची दुसरी वाट उंचसखल जिलेटिनची. त्यात निगेटिव्हमधून पाठीमागच्या बाजूने ऊन देऊन मऊ भाग गरम पाण्याने धुऊन टाकतात. उरलेलं घट्ट जिलेटिन सावलीच्या जागी जाड आणि उजेडाच्या जागी पातळ राहतं, आणि जाडीच्या प्रमाणात रंग घेतं. लंडनमध्ये सँगर-शेफर्डने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असे संच विकले. हीच वाट पुढे फार मोठी झाली. टेक्निकलरने १९२८ पासून सिनेमाच्या प्रती अशाच, उंचसखल जिलेटिनच्या फिल्मवरून रंग उतरवून काढल्या. सोहराब मोदींनी झाशीच्या राणीवर काढलेला १९५३चा चित्रपट हा आपला पहिला टेक्निकलर चित्रपट. कोडॅकची डाय ट्रान्सफर नावाची फोटो-पद्धतही याच घराण्यातली; तिचं साहित्य १९९०च्या दशकात बंद झालं. पिनाटाइप स्वतः त्याच्या कितीतरी आधी मागे पडलं. १९०७ साली ल्युमिएर बंधूंची ऑटोक्रोम काच आली आणि एकाच वेळी, एकाच काचेवर रंगीत चित्र मिळायला लागलं. ते कागदावर नसायचं आणि त्याची प्रतही सहज निघत नसे, पण तीन-तीन काचांची उस्तवार संपली.

कोलोटाइपबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण 'जिलेटिनची काच' म्हटलं की बरेच जण त्याच्याशी गल्लत करतात. म्युनिकच्या योसेफ आल्बेर्टने १८६८ साली ते जाड काचेवर पक्कं बसवलं. तिथे निगेटिव्ह वापरतात. घट्ट झालेला भाग तेलकट शाई घेतो, मऊ ओला भाग शाई ढकलून देतो. म्हणजे पिनाटाइपच्या बरोबर उलट. जिलेटिन वाळताना त्यावर बारीक सुरकुत्या पडतात, आणि भिंगाखाली अळ्यांसारख्या वळवळत्या रेघा दिसल्या की ते कोलोटाइप समजावं. जपानमध्ये क्योटोची बेनरिदो ही छपाईसंस्था आजही ते करते. होर्यूजी देवळातली भित्तिचित्रं, ज्यांची तुलना अजिंठ्याच्या पद्मपाणीशी नेहमी होते, त्यांचे १९३५ साली बेनरिदोने मूळ आकारात, रंग वेगळे करून फोटो घेतले. १९४९ साली देवळाला आग लागली आणि चित्रं करपून गेली. १९६०च्या दशकात चित्रकारांनी ती पुन्हा रंगवली तेव्हा या काचांवरून काढलेली कोलोटाइपं त्यांच्या हाताशी होती. जिलेटिनच्या पातळ थराने एवढं मोठं काम केल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

आपल्याकडेही ही विद्या आली होती. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी छपाईतले माणूस. बडोद्याच्या कलाभवनच्या प्रा. त्रिभुवनदास गज्जरांनी त्यांना रतलामला तीनरंगी ब्लॉक, फोटोलिथो आणि कोलोटाइप शिकायला पाठवलं. गज्जर स्वतः रंगांच्या रसायनशास्त्रातले. चापेकर बंधूंनी मुंबईत राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं, तेव्हा संगमरवरातला तो डाग काढून देणारे हेच. फाळके १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रं आणायला जर्मनीला गेले. त्यांचं काम मात्र शाईच्या छपाईचं होतं, पिनाटाइपचं नव्हे. म्हणून एक सूचना: घरात आजोबांच्या काळातला रंगीत फोटो असेल तर तो पिनाटाइप समजू नका. आपल्याकडचे असे बहुतेक फोटो काळ्या-पांढऱ्या प्रिंटवर ब्रशने रंगवलेले असतात. ओठ, साडीचा काठ, दागिने यांवर रंग रेषेबाहेर गेलेला भिंगाने सहज सापडतो.

आता घरी करण्याबद्दल. होतं, पण बायक्रोमेट हे षट्संयुजी क्रोमियम आहे. कर्करोगकारक, आणि कातडीवर न भरणाऱ्या जखमा करणारं. जुने स्क्रीनवाले उघड्या हातांनी ते कालवायचे आणि बोटांना भोकं पडायची. आता धंद्यात बहुतेक सगळीकडे बायक्रोमेटऐवजी डायझो हे प्रकाशाने घट्ट करणारं दुसरं रसायन आलं ते बरंच झालं. करणार असाल तर नायट्राइलचे हातमोजे, चष्मा आणि भुकटी हाताळताना मास्क हवाच. धुण्याचं पाणी मोरीत ओतायचं नाही. सोडियम मेटाबायसल्फाइट टाकून ते नारिंगीचं हिरवं होईपर्यंत थांबायचं आणि मग घातक कचरा म्हणूनच द्यायचं. लहान मुलं असलेल्या घरात मी हे करू देणार नाही.

सुरुवात एकाच रंगाने करा. तीन रंगांची जुळवणी पहिल्याच फटक्यात अंगावर घेऊ नका. पिनाटाइपचे खास रंग आता मिळत नाहीत, म्हणून उंचसखल जिलेटिनची वाट सोपी: रेशीम-लोकर रंगवायचे ॲसिड रंग जिलेटिनवर छान बसतात, कारण तिन्ही प्रथिनंच. रंगवल्यानंतर काच किंचित व्हिनेगर घातलेल्या पाण्यात धुवा, म्हणजे रंग धरून राहतो आणि पांढरे भाग साफ होतात. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह आता पारदर्शक फिल्मवर प्रिंटरने काढता येतात. पिवळ्या बल्बच्या उजेडात काम चालतं, कारण बायक्रोमेटला निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाशच लागतो. भिजवून वाळवलेली काच त्याच दिवशी वापरा. अंधारातही ती आपोआप घट्ट होत जाते.

आणि हंगाम बघा. मे महिन्यात जिलेटिन नीट गोठत नाही, पावसाळ्यात लवकर वाळत नाही आणि त्यावर बुरशी येते. दिवाळीनंतरची कोरडी थंडी या कामाला सगळ्यात चांगली.