लार्ज फॉरमॅट: जुनी टेसार ठेवू की नवी सिमार घेऊ?

प्रश्न: नमस्कार दादा, मी इथं इंदूरला रामबागेत राहतो. काकांनी स्टुडिओ बंद केला तेव्हा त्यातला लाकडी लार्ज फॉरमॅट कॅमेरा मला मिळाला, ४ बाय ५ इंचाची फिल्म घेणारा. त्यावर १५० एमएमची एफ ४.५ टेसार लेन्स आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, काचेवर प्रकाश परत फिरू न देणारं कोटिंग नाही. आता एकजण श्नायडरची सिमार-एस १५० विकतोय, मल्टिकोटेड, कोपाल शटरमधली, पैसे बरेच सांगतोय. मला राजवाडा आणि कृष्णपुऱ्याच्या छत्र्या काढायच्यात, ब्लॅक अँड व्हाइटमधे. नवी लेन्स खरंच एवढी शार्प असते का? आणि मग एकोणिसाव्या शतकातले फोटोग्राफर राजा दीनदयाळ, त्यांचे फोटो कोटिंग नसताना इतके शार्प कसे आले?

उत्तर: शार्पनेससाठी घेणार असाल तर नका घेऊ. लार्ज फॉरमॅटमधे आपण अपर्चर, म्हंजे लेन्सचं भोक, बारीक करून एफ २२ ला काम करतो, कधी ३२ ला, आणि तिथं डिफ्रॅक्शन, म्हंजे बारीक भोकातून जाताना प्रकाशाचं पसरणं, कुणालाच सोडत नाही, कितीही महाग लेन्स लावा, एफ २२ ला मिलिमीटरमधे साधारण ७० रेघ-जोड्यांच्या (एक काळी, एक पांढरी रेघ) वर ती जात नाही. ४ बाय ५ वरून १६ बाय २० ची प्रिंट काढली तर निगेटिव्ह चौपटच वाढते, त्याला निगेटिव्हवर २५-३० मिळाल्या तरी डोळ्याला पुरतं, आणि तब्येत चांगली असलेली टेसार मधल्या भागात तेवढं आरामात देते. दीनदयाळांचं उत्तर पण यातच आलं. ते इथंच इंदूरला पीडब्ल्यूडीत ड्राफ्ट्समन होते, १८७४ च्या सुमारास फोटोग्राफीकडे वळले, आणि तेव्हाचे अल्ब्युमेन प्रिंट म्हंजे काचेची प्लेट थेट कागदावर ठेवून उन्हात काढलेले, प्लेट जेवढी फोटो तेवढाच. एनलार्ज केलंच नाही तर लेन्सचे दोष मोठे होणार कुठून?

खरा फरक कव्हरेजचा, म्हंजे लेन्स आत केवढं मोठं गोल चित्र टाकते त्याचा, आणि ते कुणी विचारतच नाही. राजवाडा सात मजली. कॅमेरा वर वाकवला की इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते, म्हणून कॅमेरा सरळ ठेवून फक्त लेन्सबोर्ड वर सरकवायचा, म्हंजे फ्रंट राइज, आणि त्याला ते गोल चित्र, म्हंजे इमेज सर्कल, मोठं लागतं. ४ बाय ५ फिल्मवरच्या चित्राचा कर्ण साधारण १५४ मिलिमीटर. तुमच्या टेसारचं सर्कल अपर्चर बारीक केल्यावर १७० च्या आसपास, म्हंजे उभ्या फ्रेममधे राइज जेमतेम १० मिलिमीटर मिळणार आणि त्यातही कोपरे पिचपिचीत. सिमार-एस एफ २२ ला २१० देते, तिथं ३३ मिलिमीटर मिळतात. चौकात ४० मीटर लांब उभे राहिलात तर १० मिलिमीटर म्हंजे इमारतीवर पावणेतीन मीटर, आणि ३३ म्हंजे जवळपास नऊ! वरचे मजले की खालचा डांबरी रस्ता, फरक एवढा. पण आधी तुमचा लाकडी कॅमेरा बोर्ड तेवढा वर चढवू देतो का ते पट्टी लावून मोजा, नाहीतर लेन्सचे पैसे पाण्यात.

कोटिंगचं सांगतो. टेसारमधे हवेला लागणारे काचेचे सहा पृष्ठभाग, कोटिंग नसलं की प्रत्येकावरून ४-५ टक्के प्रकाश परत फिरतो. कमी झालेला प्रकाश एक्स्पोजर वाढवून भरून काढता येतो हो, पण जो आत इकडून तिकडे भटकतो तो सावल्यांवर पसरतो. सिमारला पृष्ठभाग आठ, तरी मल्टिकोटिंगमुळे सावल्या काळ्या राहतात. (१८९२ ची डागोर लेन्स याचसाठी लोक जपून ठेवतात, सहा काचा पण चिकटवलेल्या, हवेला लागणारे पृष्ठभाग चारच.) आता माझं मत विचाराल तर मालव्यातल्या मे महिन्याच्या दुपारी छत्र्यांचं कोरीवकाम मी टेसारनंच काढीन, कारण तोच भटका प्रकाश सावल्या थोड्या उघडतो आणि निगेटिव्ह प्रिंटायला सोपी जाते. फक्त लेन्सच्या तोंडावर सावलीचं हूड लावा, सूर्य काचेवर आला की सगळं दुधाळ.

तर राजवाड्यासाठी सिमार घ्या, भाव कमी करून, आणि टेसार विकू नका. घेताना टॉर्चनं आत बघा. कडेला पांढरे ठिपके दिसले तर घाबरू नका, तो काळा रंग सुटलेला असतो, फोटोत येत नाही, पण भाव पाडायला कामाचा. फंगसचे धागे दिसले तर सोडून द्या. शटरचा एक सेकंद खरंच एक सेकंद आहे का ते मोबाइलच्या स्लो मोशनमधे तपासा, आणि दोन्ही शटरमधे तेल सोडायचा मोह आवरा.

प्रश्न: मॅजिक लँटर्नची, म्हंजे जुन्या काळच्या स्लाइड प्रोजेक्टरची, पितळी लेन्स मिळालीये, अपर्चर नाही, शटर नाही. आजीचा पोर्ट्रेट काढता येईल? – एक वाचक, नारायणबाग

उत्तर: येईल. बहुतेक पेट्झवाल डिझाइनची असेल, १८४० चं, मधे चेहरा शार्प आणि कडेला मागचं सगळं गरगरतं. फिल्म लावू नका, झाकण काढून घालेपर्यंत ओव्हर होते, म्हंजे प्रकाश जास्त लागतो. ६ आयएसओच्या आसपासचा, म्हंजे प्रकाशाला खूप मंद असलेला, फोटोपेपर लावा, आजींना खिडकीशेजारी डोकं टेकवून बसवा, लेन्स एफ ४ च्या जवळपास असेल तर दोनेक सेकंद. पेपरला लाल दिसत नाही, त्यामुळे कुंकू काळं येईल आणि सुरकुत्या जरा जास्तच उठतील, ते आधी सांगून ठेवा.